सल्ला हवा: हुडकेश्वरचा 1988 चा प्लॉट, हातात फक्त झेरॉक्स (नागपूर)

तर्रीपोहा:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

बाबांनी 1988 मध्ये हुडकेश्वरला दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला होता, एका गृहनिर्माण संस्थेच्या लेआउटमधला. तेव्हा तिकडे नुसती शेतं होती. आई म्हणायची, एवढ्या लांब राहायला जाणार कोण? बाबा 2021 मध्ये गेले. परवा त्यांची ट्रंक आवरताना विक्रीपत्राची झेरॉक्स सापडली. मूळ रजिस्ट्री घरात कुठेच नाही. संस्थेच्या ऑफिसला कुलूप आहे, आणि शेजारचा पानठेलेवाला सांगतो की दहा वर्षांत कोणी फिरकलं नाही.

मी पुण्यात, आई नागपूरला, ताई बेंगळुरूला. आमची तिघांची नावं लावायची आहेत. ताई तिचा हिस्सा आईच्या नावे सोडायला तयार आहे.

मुद्रांक विभागाच्या साइटवर फुकटचा ई-सर्च करून पाहिला, तर वर्षाच्या यादीत 1988 नाहीच. महाभूलेखवर सातबारा काढायला गेलो तर सर्व्हे नंबर किंवा गट नंबर विचारतो. माझ्या कागदावर ‘ख.नं.’ आणि ‘प.ह.नं.’ असं काहीबाही आहे. एक एजंट भेटला, म्हणतो पंचेचाळीस हजारांत नाव चढवून हातात देतो. द्यावे का? की कोणी चांगला वकील सुचवाल?

सोनपापडी_इतवारी:
पंचेचाळीस हजार! राजेहो, प्लॉट घेतानाही बाबांनी एवढे दिले नसतील. एक पैसा देऊ नका. आणि ती झेरॉक्स एजंटच्या हातात तर मुळीच नाही. फोटोही काढू देऊ नका.

वकीलीणबाई:
तर्रीपोहा, आधी जीव शांत करा. मूळ रजिस्ट्री हरवली म्हणून प्लॉट जात नाही. दस्त नोंदवला की त्याची नक्कल रजिस्ट्री ऑफिसच्या पुस्तक क्रमांक 1 मध्ये राहते. झेरॉक्सचं शेवटचं पान पाहा, शिक्क्यात दस्त क्रमांक, खंड, पानं, तारीख आणि कोणत्या दुय्यम निबंधकाकडे नोंद झाली ते असतं. आता गंमत अशी की हा शिक्का बहुतेक वेळा पानाच्या पाठीवर असतो, आणि झेरॉक्स काढणाऱ्याने नेमकी पाठ काढलेली नसते. तसं असेल तर सूची मागायची. सूची 1 नावावरून असते, सूची 2 मिळकतीवरून. बाबांचं नाव आणि अंदाजे वर्ष माहीत आहे, म्हणजे सूची 1 तुमच्या कामाची.

खिडकीवर ‘तुम्ही कोण, अधिकारपत्र आणा’ म्हणाले तर नम्रपणे सांगा की 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 57 आहे. पुस्तक 1 आणि त्याच्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात, नातं सिद्ध करावं लागत नाही. मृत्युपत्रांचं पुस्तक 3 तसं उघडं नसतं, पण तुमचा तो विषय नाही. दस्त सापडला की प्रमाणित नक्कल घ्या. मूळ दस्तात काय लिहिलं होतं हे सिद्ध करायला ती चालते, त्याच कलमात तसं म्हटलं आहे.

आता ई-सर्च. मुंबईचे दस्त तिथे 1985 पासून आहेत, आपल्याकडचे 2002 पासून. म्हणजे बाबांची रजिस्ट्री तिथे मिळायची नाही. तरीही ई-सर्च सोडू नका, कारण तिथे तुम्हाला बाबांचं नाव शोधायचंच नाही. बाबांच्या प्लॉटवर दुसऱ्या कोणाचं नाव आलंय का, ते शोधायचं आहे. 2002 पासून आजपर्यंत एकेक वर्ष टाकून पाहा. सगळी वर्षं कोरी निघाली तर त्या दिवशी घरी तर्री-पोहा करा.

सोनपापडी_इतवारी:
ई-सर्चबद्दल माझी भर. ‘उर्वरित महाराष्ट्र’वर जाऊन गावाच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाका, मग यादी उघडते. हुडकेश्वर खुर्द आणि हुडकेश्वर बु. असे दोन मौजे आहेत, झेरॉक्सवर कोणता आहे ते नीट पाहा, नाही तर दोन्ही शोधा. कॅप्चा पहिल्यांदा बरोबर भरला तरी ‘पुन्हा भरा’ म्हणतो, घाबरू नका, दुसऱ्यांदा चालतं. आधी नुसता प्लॉट नंबर टाका, मग नुसता खसरा. दस्त लिहिणारा प्रत्येक जण वेगवेगळ्या रकान्यात नंबर भरतो, त्यामुळे एकदा काही निघालं नाही म्हणून सुटलो असं समजू नका. रात्री अकरानंतर साइट बरी चालते. दुपारी तर पानच उघडत नाही.

निवृत्त_पटवारी:
ख.नं. म्हणजे खसरा नंबर, प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर. पुण्याकडे सर्व्हे नंबर, गट नंबर म्हणतात, आपल्याकडे मध्य प्रांताच्या वेळेपासून खसराच. भूलेखच्या त्या रकान्यात खसराच टाकायचा. तालुका निवडताना नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण वेगळे दिसतील, दोन्हीत पाहा. 2024 मध्ये तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, पण गावात लोक अजून पटवारीच म्हणून राहिले. हाक मारताना तेच म्हणा, कोणी रागावत नाही.

सातबारा उघडल्यावर काय दिसेल ते आताच सांगतो, म्हणजे धक्का बसायचा नाही. बाबांचं नाव नसेल. बहुधा संस्थेचं नाव असेल, नाही तर ज्या शेतकऱ्याकडून संस्थेने जमीन घेतली त्याचं. त्या काळात लोक रजिस्ट्री करून घरी जायचे, फेरफार, म्हणजे दप्तरात नाव बदलायची नोंद, कोणी घेतला नाही. आणि घ्यायला गेले तरी जमीन अकृषक (बिगरशेती) नसेल तर 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आडवा यायचा, दीड हजार फुटांचा तुकडा पटवाऱ्याने चढवायचा कसा? म्हणून दक्षिण नागपुरात अर्ध्या लोकांजवळ रजिस्ट्री आहे आणि सातबाऱ्यावर दुसराच माणूस आहे.

सातबाऱ्यावर दोन गोष्टी वाचा. भोगवटादार वर्ग 1 आहे की 2. वर्ग 2 असेल तर सरकारची परवानगी घेतल्याशिवाय विक्री नीट झालेली नसते, मग प्रकरण वेगळ्याच वाटेने जाईल. दुसरं, इतर हक्काचा रकाना. बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, संपादनाचा शेरा, काही असलं तर तिथेच असतं. सही असलेली डिजिटल प्रत 15 रुपयांत मिळते, ती काढून ठेवा.

वर्धारोडचा_विन्या:
पटवारीकाका, मग त्यांनी काय करावं? आणि ‘आरएल’, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, राहिलंच की! नागपुरात प्लॉट म्हटलं की पहिला प्रश्न: आरएल झालं का?

निवृत्त_पटवारी:
हाव, तेच लिहून राहिलो होतो. अनधिकृत लेआउट नियमित करायला 2001 चा गुंठेवारीचा कायदा आहे, 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे प्लॉट त्यात आले. तुमचा लेआउट त्या यादीत आहे का, डिमांड (नियमित करायची रक्कम) भरली होती का, हे नासुप्रमध्ये, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासमध्ये विचारा. संस्थेने नाही, पण प्लॉटधारकांनी आपापली भरली, असंही होतं. शेजारच्या घरात जाऊन विचारा, त्यांच्याजवळ नियमितीकरणाचं पत्र असेल तर अर्धं काम कळलं. तिथे नगर भूमापन होऊन आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बनली असेल तर सातबाऱ्याचा प्रश्नच उरत नाही, दप्तर नगर भूमापन अधिकाऱ्याकडे जातं.

म्हणून वकील शोधायच्या आधी एवढंच ठरवा: आज तुमचा प्लॉट कोणाच्या दप्तरात आहे. पटवाऱ्याच्या, नगर भूमापनच्या की नासुप्रच्या? एजंट याच गोष्टीचे पैसे खातात.

नाव चढवताना उडी मारू नका. आधी बाबांच्या खरेदीचा फेरफार, मग वारस नोंद. ई-हक्क या सरकारी साइटवर वारसाचा अर्ज घरबसल्या होतो, पण बाबांचं नाव दप्तरात नसेल तर वारस लावणार कोणाचे? फेरफार टाकला की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. ‘आपली चावडी’ या सरकारी साइटवर नोटीस दिसते, पुण्याहूनही पाहत राहता येईल.

बजरंगी_कामठी:
ताईचा हिस्सा सोडायचा तर 500 च्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करा, एका दिवसात मोकळे. आमच्याकडे असंच केलं.

वकीलीणबाई:
बजरंगी, तुमच्याकडे भांडण झालं नाही म्हणून चाललं. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं, नोटरीने ते होत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 च्या स्टॅम्पचा 500 झाला, एवढाच भाग तुमचा बरोबर.

तर्रीपोहा, सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला आणायचा असतो. ताई एक दिवस नागपूरला आली तर सगळ्यात सोपं. तिला जमत नसेल तर मुखत्यारपत्र बेंगळुरूच्या निबंधकासमोर करून आणावं लागेल, घरी सही करून कुरिअर केलेलं चालणार नाही. माझं मत विचाराल तर तिकीट स्वस्त पडेल.

वकिलाचं म्हणाल, तर इथे नाव घेत नाही. ज्या बँकेत आईचं खातं आहे तिथल्या कर्ज विभागात विचारा की सर्च रिपोर्ट कोणाकडून घेता. बँकेच्या पॅनेलवरचा माणूस 30 वर्षांचा शोध रोजच घेतो. तुमच्या बाबतीत 1988 पर्यंत मागे जायला सांगा आणि संस्थेने शेतकऱ्याकडून जमीन घेतली तो दस्तही काढायला सांगा. मूळ फांदीच कुजलेली असेल तर पानं हिरवी असून उपयोग नाही.

सोनपापडी_इतवारी:
माझ्या मामांचं सांगते. त्यांचा प्लॉट एकाच संस्थेने दोनदा विकला. मामांची रजिस्ट्री आधीची, दुसऱ्याची नंतरची, पण दुसऱ्याने कंपाउंड घालून टॅक्स पावती स्वतःच्या नावावर केली. टॅक्स पावती मालकीचा पुरावा नाही हे कोर्टात सांगायला अकरा वर्षं लागली. तर्रीपोहा, कागद शोधताय ते ठीक, पण कोणी जाऊन प्लॉट पाहिला का?

तर्रीपोहा:
दोन आठवड्यांनी परत येतोय. तुमच्या सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे आधी मामेभावाला प्लॉटवर पाठवलं. रिकामा आहे, गाजरगवत कमरेएवढं. शेजारच्या काकूंनी ओळखलं, म्हणाल्या तुमचे बाबा दर दिवाळीला येऊन जायचे. आम्हाला कधी बोलले नाहीत. काकूंकडे आरएल आहे.

ई-सर्चमध्ये 2011 ची एक नोंद निघाली, आमचाच प्लॉट नंबर, विकणारा अनोळखी. दोन रात्री झोप नाही. सूची 2 पूर्ण उघडून पाहिली तेव्हा कळलं की खसरा वेगळा आहे. त्याच मौजात दुसऱ्या संस्थेचा लेआउट, तिथेही तोच प्लॉट नंबर. म्हणून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो: नुसत्या प्लॉट नंबरवर काही ठरवू नका, खसरा आणि चतुःसीमा दोन्ही जुळवा.

रजिस्ट्री ऑफिसात सूची 1 मध्ये बाबांचं नाव तिसऱ्या खेपेला मिळालं. आडनावाच्या आधी वडिलांचं नाव लिहिलं होतं, म्हणून दोनदा हुकलं. कलम 57 म्हटल्यावर खिडकीवरचे गृहस्थ हसले, पण पुस्तक दिलं. नक्कल सोमवारी मिळते. ताईचं तिकीट आताच काढू का?

वकीलीणबाई:
थांबा. आधी नक्कल हातात येऊ द्या, खसरा वाचा, मग नासुप्रमध्ये जा. बाबांचं नाव दप्तरात चढेपर्यंत हक्कसोडपत्राची घाई नाही. ताईला दिवाळीलाच बोलवा.

निवृत्त_पटवारी:
आणि गाजरगवत काढून घ्या. चार खांब रोवून तार लावा, बाबांच्या नावाची पाटी ठोका.