तिरंगी, काजळी, कबरी : दत्तक घेतलेल्या भाटींचे (मांजरींचे) अनुभव लिहा

आमची मांजर गोधडी घरी आली त्याला परवा वर्ष झालं, म्हणून हा धागा. मांजरं दत्तक देणाऱ्या संस्थेच्या शेडमध्ये तेव्हा सहा पिल्लं होती. तांबडे बोके दोन रविवारांत दत्तक गेले. ही काळी-तांबडी, नाकाच्या मधोमध रेघ मारल्यासारखी, एक गाल काळा नि दुसरा तांबूस. येणारे म्हणायचे, ही मळकी दिसते. चार महिने ती तिथेच राहिली.

फॉर्म भरला, घरमालकाचं पत्र दिलं, तरी संस्थेतल्या बाईंनी सगळ्या खिडक्यांना जाळी बसवल्याचे फोटो मागितले. तेव्हा राग आला होता. आज तिला पाचव्या मजल्याच्या खिडकीत कबुतरावर झेप घेताना बघते आणि त्या बाईंचे मनातल्या मनात पाय धरते.

पहिले आठ दिवस ती वॉशिंग मशीनमागे होती. फक्त रात्री खायची. नवव्या रात्री मी जमिनीवर बसून वह्या तपासत होते, तर पाठीला काहीतरी ऊबदार टेकलं. मी वळले नाही. दोन वह्या होईपर्यंत आम्ही तशाच पाठीला पाठ लावून बसलो होतो.

तुमच्याकडे अशी कुणी आली असेल तर लिहा. चुकलेलंही लिहा, नवीन लोकांना त्याचाच उपयोग होतो.

नाशिकहून

आम्हाला तिरंगी (काळी-तांबडी-पांढरी) हवी होती, पण बोका. पिल्लांच्या भानगडी नकोत म्हणून. संस्थेतल्या मुलीने समजावलं की असा बोका हजारोंत एखादा. तांबडा रंग देणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, मादीकडे दोन, आणि गर्भातच प्रत्येक पेशीत त्यातला एक बंद पडतो. कुठे काळा चालू राहतो, कुठे तांबडा, म्हणून हे ठिगळकाम. पांढरा रंग दुसऱ्याच जनुकाचा. एक्स बंद पडण्याची ही कल्पना ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली मांडली. तिरंगी बोक्याकडे बहुधा एक एक्स जास्तीचा असतो आणि तो सहसा वांझ असतो.

म्हणजे तिरंगी घ्यायची तर भाटीच, आणि नसबंदी करायचीच. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातसुद्धा गाभण राहू शकते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आमच्या केशरची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी ती कपाटावर चढून बसली होती.

डोंबिवलीहून

चुकलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेलं पिल्लू मी सरळ घरात आणलं. घरात आमची तिरंगी चिंगी होती, दीड वर्षाची. तिची लस 'पुढच्या महिन्यात' म्हणून राहिली होती. पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. आठवड्याने चिंगीला उलट्या सुरू झाल्या. पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार. सलाइन लावून चार रात्री मी दवाखान्यात तिच्या पिंजऱ्याशी बसलो. वाचली नाही.

त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, साध्या साबणाने मरत नाही. फरशी ब्लीचने पुसली, तिची गादी जाळली आणि वर्षभर कुणाला आणलं नाही. मग संस्थेतून लसी पूर्ण झालेली तीन वर्षांची काजळी घेतली. मोठ्या मांजरींना कुणी विचारत नाही, त्यातून काळ्या अंगाची. नवीन मांजर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. लस पुढच्या महिन्यावर टाकू नका.

मालवणहून

आईने कौतुकाने आमच्या भाटीला दूध पाजलं, दोन दिवस जुलाब. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. आता आई उकडलेल्या बांगड्याचे काटे काढून भरवते, आणि भाटीही तिच्याच पायांशी निजते.

ओसाकाहून

इथे तिरंगीला मिकेनेको म्हणतात आणि ती शुभ मानतात. शेजारच्या वाकायामात किशी स्थानकावर तामा नावाची तिरंगी भाटी २००७ पासून स्टेशनमास्तर होती. २०१५ मध्ये ती गेली, तिच्यामागून आलेली नितामाही तिरंगीच. आमची मात्र दत्तक मेळाव्यात कोपऱ्यात तोंड करून बसलेली होती. पहिले दोन आठवडे फक्त चाचणीचे, मग कागद. तेराव्या दिवशी मी तिच्याशी मराठीत बोलतेय हे माझ्या लक्षात आलं. चौदाव्या दिवशी सही केली.

साताऱ्याहून

आमची शनिवारी येतेय. काय तयारी ठेवू?

धागा काढणारीकडून

एकच खोली द्या, सगळं घर नको. शी-शूसाठीचा मातीचा ट्रे आणि खाणं लांब लांब ठेवा. संस्थेत जे खात होती तेच आठवडाभर द्या. तिला ओढून बाहेर काढू नका. आणि ती ज्यावर झोपायची ते फडकं मागून घ्या, वासाने तिला धीर येतो. गोधडीचं आम्ही आणलं होतं. अजून धुतलेलं नाही.