‘हाय-कॉन्टेक्स्ट’ आणि ‘लो-कॉन्टेक्स्ट’ यांना मराठीत काय म्हणावे?

ठाण्यात आंतरसांस्कृतिक संज्ञापन (वेगवेगळ्या संस्कृतींतील माणसांमधला संवाद) शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने या जोडीसाठी ‘उच्चसंदर्भी’ आणि ‘निम्नसंदर्भी’ हे प्रतिशब्द चालतील का, असे विचारले आहे. माझ्या मते ते टाळावेत. मराठीत ‘उच्च-निम्न’ म्हटले की प्रतवारी आलीच, आणि संस्कृतीविषयी बोलताना तर ती नको तितक्या लवकर येते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ साली मांडलेल्या या भेदात मात्र निरोपाचा अर्थ कितपत उच्चारलेल्या शब्दांत आहे आणि कितपत बोलणाऱ्यांचे नाते, प्रसंग व आधीची माहिती यांवर सोडलेला आहे, एवढेच पाहिले जाते. म्हणून ‘हाय-कॉन्टेक्स्ट’ आणि ‘लो-कॉन्टेक्स्ट’ यांसाठी मी अनुक्रमे ‘संदर्भाश्रयी’ आणि ‘शब्दाश्रयी’ ही जोडी सुचवीन.

समजा, ऐरोलीतील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत जर्मन ग्राहकाने ‘शुक्रवारपर्यंत काम होईल का?’ असे विचारले आणि आपल्या माणसाने ‘बघतो’च्या चालीवर ‘आय विल ट्राय’ असे उत्तर दिले. शेजारच्या मराठी सहकाऱ्याला त्यातला नकार स्वच्छ ऐकू येतो. ग्राहक मात्र शुक्रवार धरून चालतो. हॉल जर्मन भाषकांना शब्दाश्रयी टोकाजवळ ठेवतात, ते याच अर्थाने.

येथे आणखी एक गल्लत होते, ती म्हणजे संदर्भाश्रयी म्हणजेच अशाब्दिक असे समजण्याची. वाशीच्या फळबाजारात रुमालाखाली बोटे दाबून आंब्याचा भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. तेथे तोंडातून शब्द निघत नाही, तरीही प्रत्येक खुणेचा आकडा ठरलेला असल्यामुळे तो व्यवहार हॉल यांच्या कसोटीवर शब्दाश्रयीच्याच जवळ जातो (तेथे ‘शब्द’ म्हणजे ठरलेली खूण, एवढी सवलत माझ्या प्रतिशब्दाला द्यावी लागेल). याउलट ‘बघू’ हा चांगला खणखणीत शब्द असूनही त्याचा अर्थ कोण, कोणाला आणि कशाबद्दल म्हणाले, यावरच ठरतो.

शिवाय एकच माणूस प्रसंगानुसार दोन्ही रीतींनी वागतो: भाच्याला खोली तोंडी देणारा घरमालक अनोळखी भाडेकरूशी अकरा महिन्यांचा कलमवार करार करतोच. तेव्हा ‘मराठी संस्कृती संदर्भाश्रयी आहे’ असे सरसकट विधान उत्तरपत्रिकेत करण्याऐवजी ‘या प्रसंगातील संज्ञापन अधिक संदर्भाश्रयी आहे’ असे लिहावे.