होलसेलला फार्मासिस्ट लागतोच असं नाही

वर एकांनी लिहिलंय की फार्मासिस्ट नसेल तर औषधांच्या होलसेल लायसन्सचा नादच सोडा. तसं नाही. औषधविक्रीचा १ वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर किंवा ४ वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक पासही चालतो. जागा किमान १० चौरस मीटर हवी.

पण फ्रीजकडे नीट लक्ष द्या. २१-ब या प्रकारच्या होलसेल लायसन्समध्ये इन्सुलिन, लसी येतात. नागपुरात मे महिन्यात लाइट गेली की मी आधी थर्मामीटर बघतो. २ ते ८ अंशांच्या वर काटा गेला तर तो माल मी बाजूला काढतो. इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरा. आणि इथल्या गांधीबाग बाजारात कितीही ओळखीचा दुकानदार असला, तरी त्याचं लायसन्स बघितल्याशिवाय बिल फाडू नका.