इंग्लंडमधलं लॅक्स्टन गाव: खुली शेतं पुढेही राहावीत का?

शिवारफेरी:
नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन नावाचं छोटं गाव आहे. मध्ययुगापासून चालत आलेली खुल्या शेतांची पद्धत इंग्लंडमध्ये जवळपास सगळीकडे मोडली, इथे ती अजून चालू आहे, आणि तिचा कारभार पाहणारी गावची न्यायसभाही चालू आहे. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शेतं. आत कुठेही कुंपण नाही, फक्त वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे पट्टे. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी पुढे सरकते आणि ती सगळ्यांना पाळावी लागते.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिथली ज्यूरी. नोव्हेंबरच्या शेवटी गावातलेच शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शेतात जातात. पट्ट्यांच्या हद्दी बघतात, खुंटे ठोकतात. कुणी नांगर सामाईक गवतात किंवा वाटेत घातला असेल तर त्याचं नाव लिहून घेतात. आठवड्याभराने गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये न्यायसभा भरते, तिथे दंड होतो आणि पुढच्या वर्षीची ज्यूरी नेमली जाते. दंडाची रक्कम किरकोळ असते. पण बांध कोरणाऱ्याचं नाव चारचौघांत, शेजाऱ्यांच्या तोंडून घेतलं जातं. आपल्याकडे बांधाच्या वादात दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. ही पद्धत टिकलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

काळीभोर:
माझं मत उलट आहे. लॅक्स्टन शेतकऱ्यांनी टिकवलं हे खरं नाही, ते मालकांमुळे राहिलं. 19व्या शतकात तिथल्या दोन मोठ्या जमीनदारांचं, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो यांचं एकमत झालं नाही, म्हणून उरलेली शेतं कुंपणाविना राहिली. पुढे मॅन्व्हर्सनी 1952 मध्ये ती कृषी मंत्रालयाला विकली. 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली. कसणारे सगळे खंडकरी. सरकारने पाठीशी उभं राहून जपलेल्या गोष्टीला गावाचं स्वराज्य म्हणणं मला पटत नाही.

दुसरं म्हणजे जनावरांचं आणि पिकाचं. सामाईक रानात सगळ्यांची जनावरं एकत्र चरत असताना चांगली अवलाद निवडून वाढवणार कशी? लेस्टरशायरमध्ये डिशली इथे रॉबर्ट बेकवेलने मेंढ्यांची नवी पैदास केली, ती स्वतःच्या बंदिस्त रानात. सलगम आणि क्लोव्हर ही चाऱ्याची पिकं घेऊन जमीन पडीक न ठेवता कसणं हेही खुल्या शेतात अवघड, कारण एकट्याला पाळी बदलता येत नाही. वाढत्या शहरांना धान्य पुरलं त्यात या बदलांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडेही तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा 1947 मध्ये आला, तो उगाच नाही. विखुरलेल्या पट्ट्यांत शेतकऱ्याचा जीव जातो.

शिवारफेरी:
काळीभोर, धान्य वाढलं हे मान्यच आहे. पण कुणाच्या जिवावर तेही बघा. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने कुंपणबंदीचे, म्हणजे खुली आणि सामाईक जमीन कुंपण घालून खाजगी करण्याचे, 5,200 हून अधिक कायदे केले. सुमारे 68 लाख एकर जमीन, इंग्लंडच्या एकूण क्षेत्राच्या एक पंचमांशापेक्षा जास्त. ज्याच्याकडे कागद होता त्याला तुकडा मिळाला. ज्याची एक गाय सामाईक माळावर चरायची, जो तिथून सरपण आणायचा, त्याच्या हाती काय आलं? आर्थर यंग हा कुंपणबंदीचा खंदा पुरस्कर्ता, तुमच्याच बाजूचा माणूस. 1801 मध्ये त्यानेच लिहून ठेवलंय की अशा वीसपैकी एकोणीस कायद्यांत गरिबाचं नुकसानच झालं. गायरान हातचं गेलं की गावातल्या भूमिहीनाचं काय होतं हे आपल्याला परकं नाही.

मृण्मयी_मिडलँड्स:
मी या भागात राहते, लॅक्स्टनला जाऊन आले आहे. एक गोष्ट नकाशावर लक्षात येत नाही, रस्त्यावरून चालताना येते. तिथे शेतकऱ्यांची घरं गावाच्या मुख्य रस्त्यावरच आहेत, लाल विटांची, बरीचशी रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी, मागे गोठे आणि कोठारं. जिथे कुंपणबंदी झाली तिथे अनेक शेतकरी गावठाण सोडून आपापल्या रानाच्या मधोमध घर बांधून राहिले. इथे पट्टे तिन्ही शेतांत पसरलेले, मग घर हलवून कुठे नेणार? त्यामुळे शेजार टिकला. गावचा स्वभाव म्हणतात तो इथे शेताच्या पद्धतीतून आलेला आहे.

1635 चा मार्क पियर्सचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याची चित्रं मिळाली तर जरूर बघा. पट्टा न् पट्टा काढलेला, मधे नांगरणारी, कापणी करणारी इवलीशी माणसं. आजचे रस्ते त्यावर ओळखू येतात.

तरी काळजी वाटते. शेतकरी कमी होत चाललेत, आणि ज्यूरीला माणसं लागतात.

काळीभोर:
मृण्मयीताई, घरांचा मुद्दा चांगला आहे, मला तो नवीन होता. पण नकाशाचा उल्लेख तुम्हीच केलात, तर तोच धरून बोलतो. 1635 चे अरुंद पट्टे आज तिथे नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते एकत्र करून रुंद केले. सगळ्यांची गुरं एकत्र सोडणंही आता पूर्वीसारखं राहिलं नाही. मग नक्की काय जपायचं?

शिवारफेरी:
पट्टे रुंद झाले यात माझ्या मते पद्धतीचं बळ दिसतं. नांगर बदलला तसे पट्टे बदलले, नंतर ट्रॅक्टर आला तोही सामावला. ज्यूरी मात्र राहिली. 1977 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या असल्या जुन्या न्यायसभांचे अधिकार मोठ्या प्रमाणावर काढून घेतले, तरी लॅक्स्टनची अजून दरवर्षी भरते. जपायचं ते हेच: शेताचा नियम करणारा, तो मोडला की बघायला जाणारा आणि दंड भरणारा, तिघेही त्याच मातीत राबणारे.

काळीभोर:
मग खंडकऱ्याला खरा हक्क द्या. 2020 मध्ये क्राउन इस्टेटने ही मालमत्ता थोर्सबी इस्टेटला विकली, म्हणजे ज्या मॅन्व्हर्स घराण्याकडून ती गेली होती तिथेच परत आली. ज्यूरीने हद्दीच्या खुंट्यांवर निवाडा द्यायचा आणि शेत कुणी कसायचं हे मात्र मालकाने ठरवायचं, हा अर्धा अधिकार झाला. एखादं शेत रिकामं झालं की ते गावातल्या तरुण कुटुंबाला खंडाने देतात, की आधीच मोठ्या असलेल्या शेताला जोडून टाकतात, यात ज्यूरीचा शब्द चालायला हवा. तसं होणार असेल तर ही पद्धत ठेवण्याला माझा विरोध नाही.

मृण्मयी_मिडलँड्स:
तरुण कुटुंबाला जमीन दिली तरी एवढ्याशा क्षेत्रावर आजच्या खर्चात घर चालत नाही, त्यांना जोडधंदा लागतोच. तेव्हा खंडही त्या हिशेबाने हवा. इस्टेटीला संवर्धन हवं असेल तर खंडातली सूट इस्टेटीने सोसावी, शेतकऱ्यावर तो भार टाकू नये.