‘शुक्रतारा’ लागले तेव्हा तुम्ही कोठे होता?

मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर घेऊन ‘शुक्रतारा मंद वारा’ हे भावगीत १९६२ साली आले. ते किती चांगले आहे, याची चर्चा पुष्कळ झालेली आहे, ती येथे नको. हे गाणे मनात वाजू लागले की तुमच्या डोळ्यांसमोर कोणती जागा येते आणि तेथे तुमच्या शेजारी कोण असते, एवढेच सर्वांनी सांगावे. त्या काळी बहुतेक घरांत गाणे हवे तेव्हा लावता येत नव्हते. आकाशवाणीने लावले तर ते ऐकायचे, आणि त्या क्षणी हातात जे काम असेल त्याच्यासकट ऐकायचे.

सुरुवात मीच करतो. गिरगावातल्या चाळीत रेडिओ आमचा नव्हता, शेजारच्या बिऱ्हाडाचा होता. त्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे बटण फिरवले की आतला दिवा लगेच लागे, पण आवाज यायला वेळ लागे, म्हणून ‘आपली आवड’ हा आकाशवाणीवरचा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच शेजारच्या काकू तो तापायला लावून ठेवीत. आई भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत बसलेली असे. हे गाणे लागले की तिची बोटे थांबत आणि ते संपेपर्यंत सुपातला एकही खडा बाहेर पडत नसे. गाण्याविषयी ती कधी एक अक्षरही बोलली नाही. आजही हे गाणे कानी पडले की मला आधी तांदळाच्या कोंड्याचा वास येतो आणि मग सूर ऐकू येतात.

* * *

मी १९६६ साली कोल्हापुरात शिकत होतो आणि महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात पेटीची साथ माझ्याकडे होती. हे द्वंद्वगीत बसवायचे ठरले, तालमीही झाल्या, परंतु जिने गायचे होते तिच्या वडिलांनी आदल्या दिवशी निरोप पाठवला की, मुलगी परक्या मुलाच्या शेजारी रंगमंचावर उभी राहणार नाही. मुलाने एकट्यानेच गावे असे आम्ही नाइलाजाने ठरवले. पहिला अंतरा जवळ आला तेव्हा डाव्या विंगेतून तिचा आवाज आला. ती पडद्याआड उभी राहून, कोणाला दिसू न देता गात होती. मला ती बसल्या जागेवरून दिसत होती. तिने डोळे मिटून घेतले होते आणि दोन्ही हातांनी पडद्याची कड घट्ट धरली होती. तिचे वडील पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले नाहीत, आणि गाणे संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, हेही मला येथे आवर्जून नोंदवायचे आहे.

* * *

आम्ही इंदूरचे मराठी लोक, त्यामुळे या गाण्यावर आमचा थोडा अधिक हक्क आहे, असे मला मनापासून वाटते. अरुण दाते यांचे मूळ नाव अरविंद. त्यांचे वडील रामूभैया दाते यांच्या रसिकतेविषयी आमच्या घरातली वडीलधारी माणसे फार आदराने बोलत. हे गाणे लागले की आजोबा शेजाऱ्यांना हाक मारून सांगत, “या, आपल्या गावचा मुलगा गातो आहे.” ६ मे २०१८ रोजी दाते गेल्याची बातमी आली तेव्हा आजोबांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, तरी मला त्यांनाच कळवावेसे वाटले.

* * *

माझी मातृभाषा पंजाबी आहे. १९६९ साली लग्न होऊन मी पुण्यात आले, तेव्हा मला मराठी समजत होते, पण बोलण्याचा धीर होत नव्हता. सासूबाईंनी हे गाणे मला ओळीओळीने शिकवायला घेतले आणि पहिल्याच ओळीतल्या ‘चांदणे’ या शब्दापाशी आम्ही तीन दिवस थांबलो. ‘चंद्र’ म्हणताना जीभ टाळूला लागते आणि ‘चांदणे’ म्हणताना ती दातांमागे जाते. लिहिताना अक्षर एकच, परंतु उच्चार दोन. हा फरक कोणत्याही पुस्तकाने मला इतका नीट समजावला नसता. सुधा मल्होत्रा दिल्लीत जन्मलेल्या आणि हिंदी चित्रपटगीतांतून नावारूपाला आलेल्या, हे सासूबाईंनी मला मुद्दाम सांगितले होते. “त्यांना जमले, मग तुला का जमू नये?” असे त्या म्हणाल्या. आज माझी नात मराठी वाचायला शिकते आहे आणि ‘चांदणे’ म्हणताना तिची जीभ आपोआप योग्य जागी जाते.

* * *

आमच्याकडच्या तबकडीवर दुसऱ्या कडव्यात एक चरा होता आणि सुई तेथून नेमकी अर्धी ओळ ओलांडून पुढे जात असे. आम्ही भावंडे गाणे तसेच शिकलो आणि अजूनही एकत्र जमल्यावर तसेच गातो.

* * *

माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका गावात भूगोल शिकवत. हे गाणे संध्याकाळी लागले आणि आकाश मोकळे असले, तर ते मला हाताला धरून अंगणात नेत आणि पश्चिमेकडे खरोखरचा शुक्र दाखवत. तो तारा नसून ग्रह आहे, आकाशात तो सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे कधी जात नाही आणि म्हणून कधी संध्याकाळी पश्चिमेला, तर कधी पहाटे पूर्वेला दिसतो, हे सारे त्यांनी त्या अंगणात सांगितले, आणि त्यामुळे गाणे माझ्यासाठी उणावले नाही, उलट अधिक जवळचे झाले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात शुक्र पहाटेचा होता. मी खाट खिडकीशी ओढली होती.

* * *

आमचे लग्न १९७१ साली झाले. हे फार अबोल होते. पहिल्या वर्षी मला न सांगता त्यांनी मुंबई आकाशवाणीला या गाण्याच्या फर्माइशीची पोस्टकार्डे पाठवली, आणि एका रात्री घरमालकांच्या पडवीत आम्ही सारे रेडिओभोवती बसलेलो असताना निवेदिकेने वाचलेल्या नावांच्या लांबलचक यादीत आधी यांचे आणि लगेच त्यापाठोपाठ माझे नाव आले. माझे नाव घराबाहेर कोणी असे उच्चारलेले मी पूर्वी ऐकले नव्हते. मी यांच्याकडे पाहिले. हे जमिनीकडे पाहत होते. गाण्याचे पहिले सूर आले आणि वीज गेली.

कंदील लागेपर्यंत कोणी बोलले नाही. वीज येण्याची वाट पाहून सारे झोपायला गेले, तरी आम्ही दोघे पडवीतच बसून राहिलो. तेव्हा यांनी अगदी हलक्या आवाजात ते गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. त्यांना सूर नव्हता. पुढच्या चव्वेचाळीस वर्षांत ते पुन्हा कधी गायले नाहीत, आणि मीही कधी गा म्हणाले नाही.