गोठलेल्या सरोवरावरील बर्फाची जाडी उपग्रहावरून कळते का?

शिक्षक, अर्जुनी मोरगाव तालुका
नमस्कार. दहावीला पाण्याचे असंगत आचरण शिकवताना पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक घन असते आणि म्हणून सरोवर वरून गोठत जाते, इथपर्यंत मुलांना पटते. पण बांधाच्या काठावर वाढलेली ही मुले तेवढ्यावर थांबत नाहीत. कॅनडा किंवा फिनलंडमधील सरोवर किती जाड गोठले आहे हे तिथल्या लोकांना कळते कसे, आणि वरून हिमवर्षाव झाला की बर्फ आणखी जाड होत असेल ना, असे त्यांनी विचारले. जाणकारांनी कृपया सांगावे.

दूरसंवेदन क्षेत्रातील, नागपूर
सर, उपग्रहाला बर्फाचा विस्तार चांगला दिसतो, जाडी मात्र थेट दिसत नाही. उपग्रहावरचा मोडिससारखा प्रकाशीय, म्हणजे प्रकाशाच्या आधारे चित्र घेणारा संवेदक ढगांखाली पाहू शकत नाही, आणि उत्तरेकडे ऐन हिवाळ्यात सूर्यच मोजका वेळ असतो. म्हणून सेंटिनेल-१ सारख्या रडार उपग्रहाचा आधार घेतात, कारण त्याला ढग आणि अंधार दोन्ही आड येत नाहीत. तरीही वाऱ्याने खवळलेले पाणी रडारच्या चित्रात कधी कधी बर्फासारखेच उजळ दिसते, त्यामुळे एकाच चित्रावर निकाल देणे धोक्याचे ठरते. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांवरील बर्फाच्छादनाची नोंद १९७३ पासून सलग उपलब्ध आहे, पण तीही प्रामुख्याने विस्ताराची आहे. जाडीसाठी आजही ठरलेल्या जागी गिरमिटाने भोक पाडून, बर्फाच्या खालच्या कडेला अडकणारा हूक लावलेली मोजपट्टी आत सोडतात.

मूळचा चंद्रपूरचा, काही वर्षे कॅनडात
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या अंदाजाच्या उलट आहे. ताजे हिम बर्फावर गोधडीसारखे पसरते. बर्फातून उष्णता जितक्या सहज बाहेर जाते, त्याच्या दहाव्या हिश्शानेही ती अशा हिमातून जात नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीतही खालचा बर्फ सावकाश वाढतो. वाऱ्याने हिम उडवून नेलेली जागा आणि हिमाचा ढीग साचलेली जागा, या एकाच सरोवरावर असूनही त्यांच्या जाडीत मोठा फरक पडतो. त्यामुळे भोक पाडण्यापूर्वी हिमाची खोली वेगळी लिहून ठेवावी लागते. ती नसेल तर जाडीच्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

मात्र हिम फारच साचले तर गणित फिरते. बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो, म्हणजे पाण्याहून सुमारे ८३ किलोने कमी असल्यामुळे ३० सेंटीमीटर जाडीचा बर्फ दर चौरस मीटरला जेमतेम २५ किलो भार पेलून तरंगतो. त्याहून अधिक वजन झाले की बर्फाचा पृष्ठभाग पाण्याच्या पातळीखाली दबतो, भेगांतून पाणी वर येते, हिम भिजते आणि तो लगदा गोठून पांढरा, अपारदर्शक बर्फ तयार होतो. हा पांढरा बर्फ खालच्या काळसर, स्वच्छ बर्फाच्या साधारण निम्म्याच ताकदीचा मानतात. म्हणून नोंदवहीत दोन्हींची जाडी स्वतंत्र असावी.

वाचक, भंडारा
एक भर घालतो. जपानमधील सुवा सरोवर गोठून त्यावर बर्फाची कड उठली की नाही, याची नोंद तेथील शिंतो पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवली आहे, आणि अलीकडच्या अनेक हिवाळ्यांत ती कड उठलेलीच नाही. जाडी न मोजताही केवळ एक घटना दरवर्षी त्याच रीतीने लिहिली, तर हवामानाच्या अभ्यासाला ती केवढी उपयोगी पडते!

शिक्षक, अर्जुनी मोरगाव तालुका
सर्वांचे आभार. भाराचा मुद्दा वर्गात करून दाखवता येईल का? आमच्याकडे मासळीवाल्यांकडे बर्फाची लादी मिळते.

मूळचा चंद्रपूरचा, काही वर्षे कॅनडात
अवश्य, सर. ३० सेंटीमीटर लांब-रुंद आणि १० सेंटीमीटर जाड तुकडा मोठ्या टबात तरंगत ठेवा आणि त्यावर कोरडी वाळू समान पसरत जा. सुमारे पाऊण किलोला पाणी वरच्या कडेशी येईल. बर्फ वितळत असल्याने वाळू आधीच तोलून ठेवावी आणि तुकडा पाण्यात सोडल्याबरोबर प्रयोग उरकावा.