शब्दचर्चा: गेममध्ये 'आउटलॉ' होऊन खेळणं, याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

एलिट डेंजरस हा अंतराळातला गेम बरीच वर्षं खेळतेय, आणि आत्तापर्यंत सगळं सरळमार्गी, म्हणजे इकडचा माल तिकडे नेऊन विकायचा, थोडं लघुग्रहांवर खाणकाम, मधेच महिनाभर कुठेतरी लांब भटकायला निघून जायचं. आता नवीन कमांडर, म्हणजे गेममधलं आपलं पात्र, सुरू केलाय, साधं कोब्रा मार्क थ्री जहाज घेतलंय आणि ठरवलंय की यापुढे कमाई फक्त बेकायदा मार्गाने करायची, म्हणजे इंग्रजीत खेळणारे ज्याला आउटलॉ म्हणतात ते. त्या कमांडरची रोजनिशी मी मराठीत लिहितेय आणि पहिल्याच पानावर अडले, कारण आउटलॉला शब्दच बसत नाही. गुन्हेगार लिहिलं की कोर्टकचेरी डोळ्यापुढे येते, दरोडेखोर लिहिलं की रात्री घरात घुसणारी टोळी, चाचा लिहिलं की समुद्र.

गेम माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केलीये, अंदाजे 40,000 कोटी तारे, काळ इसवी सन 3300 च्या पुढचा, आणि तुम्ही एका जहाजाचे मालक. पोटापाण्यासाठी काहीही करा. वस्ती असलेल्या प्रत्येक ठिकाणी कुणाचा ना कुणाचा अंमल असतो, त्यांचे कायदे, त्यांचे पोलीस. निर्दोष जहाजावर गोळी झाडली की त्या अंमलाकडून तुमच्या डोक्यावर बक्षीस लागतं. आणि काही ठिकाणी कुणाचाच अंमल नसतो, अ‍ॅनार्की म्हणतात, तिथे काहीही केलं तरी गुन्हा म्हणून नोंद होत नाही.

तर मला आख्ख्या पद्धतीसाठी एक शब्द हवाय, आणि जमलं तर आतल्या बारीकसारीक कामांसाठीही. जाणकारांनी मदत करा.

प्रतिसाद

बंडखोर चालेल का? बंडखोर कायदा मानत नाही हे त्यात आहेच की.

प्रतिसाद

बंडखोर नको. एक तर हल्ली बंडखोर म्हटलं की तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष उभा राहिलेला उमेदवार आठवतो. आणि जुन्या अर्थाने घेतलं तरी बंडाला काहीतरी हेतू लागतो. उमाजी नाईकांचं बंड, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड, तिथे सरकारविरुद्ध उभं राहणं आहे. ताईंचा कमांडर कुणाविरुद्ध उभा नाहीये, त्याला माल हवाय.

आउटलॉ शब्दाचा मूळ अर्थ बघितला तर जास्त सोपं जाईल असं मला वाटतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आउटलॉ म्हणजे नुसता कायदा मोडणारा नव्हे, तर ज्याच्यावरचं कायद्याचं छत्र काढून घेतलंय तो. त्याला कुणीही मारलं तरी मारणाऱ्याला शिक्षा नाही, लॅटिनमध्ये त्याला लांडग्याचं डोकं असलेला म्हणायचे, म्हणजे दिसला की मारा. इंग्लंडच्या फौजदारी कायद्यातून हा प्रकार अधिकृतपणे 1938 साली गेला. आता गेममध्ये बघा, स्कॅन केल्यावर ज्या जहाजापुढे वाँटेड असं येतं त्याला कुणीही उडवावं, उडवणाऱ्यावर गुन्हा नाही, उलट त्यालाच बक्षिसाचे पैसे मिळतात. म्हणजे गेमवाल्यांनी हा शब्द उगाच वापरलेला नाही, जुना अर्थ जसाच्या तसा यंत्रणेत आणलाय. मराठीत या अर्थाचा एकच शब्द माझ्या ओळखीत नाही, पण या *अवस्थेला* फरारी म्हणता येईल आणि *वागण्याला* वेगळा शब्द शोधावा. दोन्ही एका शब्दात कोंबायला गेलात की अडणारच.

प्रतिसाद

फरारीला माझं अनुमोदन, आणि त्याला गेमच्या इतिहासाचाही आधार आहे. 1984 साली बीबीसी मायक्रोवर पहिला एलिट आला, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी केलेला, त्यात कायद्याच्या नजरेत तुमच्या तीनच अवस्था होत्या, निर्दोष, अपराधी आणि फरारी. गुलाम, अमली पदार्थ, शस्त्रं यांचा व्यापार केला की नाव खराब व्हायचं आणि पोलिसांची व्हायपर जहाजं मागे लागायची. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रह, आणि हे सगळं आजच्या एका फोटोपेक्षाही कितीतरी लहान मेमरीत! लुटारू बनून खेळायची मोकळीक तेव्हापासून आहे, 2014 च्या गेमने ती नव्याने आणलेली नाही.

प्रतिसाद

वागण्यासाठी मी काही शब्द सुचवतो. पेंढारी हा एक, लूट हेच उत्पन्न असलेले, पगाराशिवाय सैन्यामागून जाणारे, 1817-18 च्या युद्धात संपलेले. नाहीतर बेरड, रामोशी वगैरे. अस्सल आपल्या मातीतले शब्द आहेत, रोजनिशीला रंग येईल.

प्रतिसाद

पेंढारी एक वेळ ठीक, तेही टोळीसाठी, कारण पेंढारी एकटा नसायचा, हजारोंनी यायचे आणि ताईंचा कमांडर एकटा आहे. पण दादा, बेरड आणि रामोशी कृपा करून वापरू नका. ती माणसांच्या समाजांची नावं आहेत, धंद्याची नाहीत. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, हजेरी दिल्याशिवाय बाहेर पडता यायचं नाही. 31 ऑगस्ट 1952 ला हा शिक्का कायद्याने पुसला, म्हणून विमुक्त म्हणतात. कायद्यातून पुसला पण भाषेतून नाही, आपण अजून बेरडपणा हा शब्द निर्लज्जपणासाठी वापरतोच. निदान नवीन लिखाणात तरी, आणि तेही एका खेळासाठी, तो शिक्का पुन्हा मारू नये असं मला मनापासून वाटतं. शब्दांची काही कमी नाहीये मराठीत.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. रामोशी, बेरड मागे घेतो.

प्रतिसाद

मी कोकणातला त्यामुळे चाचावर थोडं बोलतो. सोमालियाच्या बातम्यांमुळे चाचे हा शब्द पेपरातून सगळ्यांना माहीत झालाय आणि अंतराळी चाचे म्हटलं तर वाचकाला लगेच कळेल, यात शंका नाही. पण चाचा हा शब्द नेहमी दुसऱ्याने दिलेला असतो, हे रोजनिशी लिहिताना लक्षात ठेवा. पोर्तुगीज कार्ताझ नावाचा परवाना विकायचे आणि तो नसलेलं जहाज धरायचे. कान्होजी आंग्रे दस्तक द्यायचे आणि ते नसलेलं जहाज धरायचे. काम तेच, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत आंग्रे चाचे आणि आपल्याकडे सरखेल. इंग्रजांनी 1718 मध्ये खांदेरीवर चाल केली ती फसली, 1721 ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले तीही फसली. आज मुंबईतला नौदलाचा तळ आयएनएस आंग्रे नावाचा आहे.

गेममध्येही असा एक जण आहे, आर्कन डिलेन, हर्मा नावाच्या ठिकाणाहून कारभार करतो. बाकीच्या सत्ता त्याला लुटारूंचा राजा म्हणतात पण त्याच्याकडे प्रदेश आहे, माणसं आहेत, अंमल आहे. ताईंचा कमांडर त्याच्या चाकरीत गेला तर त्याच्या रोजनिशीत तो स्वतःला चाचा म्हणणार नाही. चाचा हा शब्द पोलिसांच्या आणि व्यापाऱ्यांच्या तोंडी घाला, तिथे तो शोभेल.

प्रतिसाद

मी स्वतः या गेममध्ये लूटमार करत आलोय म्हणून कामाच्या बाजूने सांगतो. चाचेगिरी हा ढोबळ शब्द झाला, प्रत्यक्षात जे होतं त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, वाटमारी. कारण अंतराळात तुम्ही कुणाला कुठेही गाठू शकत नाही, एवढ्या मोठ्या पोकळीत जहाज सापडणार कसं, तुम्हाला वाटेवरच बसावं लागतं. समोरचं जहाज ताऱ्यापासून स्टेशनकडे सुपरक्रूझने, म्हणजे लांब पल्ल्याच्या अतिवेगाने, चाललेलं असतं, तुम्ही मागे लागता, इंटरडिक्टर लावून त्याला त्या वेगातून खेचून बाहेर काढता. शहाणा व्यापारी झटापट न करता वेग शून्यावर आणून स्वतःच थांबतो, कारण खेचाखेचीत हरला तर त्याचं इंजिन पुन्हा उडायला जास्त वेळ घेतं. मग मॅनिफेस्ट स्कॅनरने बघायचं पोटात काय आहे. मग निरोप पाठवायचा, एवढे टन टाक आणि जा. नाही टाकले तर हॅच ब्रेकर लिम्पेट सोडायचा, तो छोटा ड्रोन जाऊन मालाचं दार उचकटतो, माल बाहेर तरंगायला लागतो, तो गोळा करायचा आणि पळायचं. यात वाट आहे, अडवणं आहे, मारणं म्हणजे लुटणं आहे, सगळं वाटमारीत बसतं. करणारा तो वाटमाऱ्या.

मागणी करून माल घेणं याला मी खंडणी म्हणतो. आणि जाता जाता, विकायच्या जागेला काळाबाजार म्हणू नका. आपल्याकडे काळाबाजार म्हणजे रेशनचं रॉकेल दडवून चढ्या भावाने विकणं. इथे चोरलेला माल विकायचाय, उघड्या बाजारात तो कुणी घेत नाही, म्हणून चोरबाजार.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

वाटमारी! अगदी हेच. खंडणी आणि चोरबाजारही घेतले. पण माझा कमांडर नेहमी लुटणार नाहीये, सध्या तर बहुतेक दिवस तो निषिद्ध माल पोचवतो. त्याला तस्करी हा सरळ शब्द आहेच, पण एक गोष्ट विचारायची होती, तोच माल एका ठिकाणी कायदेशीर आणि दुसऱ्या ठिकाणी बेकायदा असतो, उदाहरणार्थ गुलाम, गेममधल्या दोन मोठ्या सत्तांपैकी एम्पायरमध्ये त्यांचा उघड व्यापार आणि फेडरेशनमध्ये गुन्हा. मग त्या मालाला निषिद्ध म्हणायचं की चोरटा?

प्रतिसाद

निषिद्ध म्हणा. चोरटा म्हणजे चोरलेला असा अर्थ लागेल आणि गेममध्ये चोरलेला आणि निषिद्ध या दोन वेगळ्या नोंदी असतात. तस्करीत पोलिसांना चुकवायला जे सायलेंट रनिंग करतात त्याला मी 'चूल झाकून जाणं' असं लिहिलं होतं एकदा, कारण जहाजाची उष्णता बाहेर टाकणारी झडपं बंद करायची, म्हणजे पोलिसांच्या स्कॅनरवर दिसत नाही, पण आत तापमान चढत जातं, ढालही उतरते, आणि स्टेशनच्या दारात शिरेपर्यंत जहाज भाजून निघतं. शब्द म्हणून 'मूक धाव' वगैरे कृत्रिम वाटतं.

प्रतिसाद

तडीपार हा शब्द कुणी आणला नाही अजून. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी एखाद्याला जिल्ह्याबाहेर काढतात, बाहेर राहिला तर मोकळा, हद्दीत पाऊल टाकलं की अटक. गेममधलं बक्षीस असंच हद्दीपुरतं असतं, एका अंमलाखाली वाँटेड, शेजारच्या अंमलाखाली स्वच्छ. 'अमुक ठिकाणाहून मी तडीपार आहे' हे कमांडरच्या तोंडी छान बसेल, जरी त्याला कुणी आदेश दिलेला नसला तरी.

प्रतिसाद

आणि 2018 च्या बदलानंतर गुन्हा माणसाऐवजी जहाजाला चिकटतो, त्याला इंग्रजीत हॉट म्हणतात. पोलिसांच्या बातम्यांत रेकॉर्डवरचा गुन्हेगार असतो तसं रेकॉर्डवरचं जहाज म्हणा, कुणालाही समजेल. त्याच बदलात नोटोरायटी आली, शून्य ते दहा, निर्दोष जहाज उडवलं की एकने चढते, खेळलेल्या दर दोन तासांना एकने उतरते, आणि ती शून्यावर येईपर्यंत बक्षिसाची रक्कम भरून मोकळं होता येत नाही. हिला बदनामी म्हणू नका, बदनामी निर्दोष माणसाचीही होते. कुख्यात वरून कुख्याती, थोडा घडवलेला शब्द वाटेल पण अर्थ नेमका आहे.

प्रतिसाद

मूळ प्रश्न राहिलाच की, आख्ख्या पद्धतीचा शब्द. मी पुंडाई सुचवतो. पुंड म्हणजे वरच्या सत्तेला न जुमानता स्वतःच्या जोरावर वागणारा, जुन्या कागदांत पुंडपाळेगार असा जोडशब्द येतो, बंडासारखा त्यात मोठा हेतू नाही आणि चोरासारखा लपूनछपून राहणं नाही. वाटमारी, खंडणी, तस्करी हे सगळं पुंडाईच्या पोटात येतं. ग्रामीण भागात अजून म्हणतात, काय पुंडाई लावलीय. शब्द जिवंत आहे.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

पुंडाई ठरलं. 'आजपासून पुंडाई' असंच पहिलं वाक्य लिहिते. अवस्थेला फरारी, आणि कमांडर स्वतःला पुंड म्हणेल, बाकीचे त्याला चाचा म्हणतील.

एक शेवटचं राहिलंय. ओपनमध्ये, म्हणजे जिथे सगळे खरे खेळाडू एकत्र असतात तिथे, काही जण नवख्यांच्या जहाजांना गाठून निव्वळ उडवतात. माल घेत नाहीत, निरोप पाठवत नाहीत, काही मागत नाहीत. नवख्याला जहाजाच्या किमतीच्या 5 टक्के भरून ते परत घ्यावं लागतं आणि पोटातला माल गेला तो गेलाच. इंग्रजीत गँकर म्हणतात. मला यांना आणि वाटमाऱ्यांना एकाच शब्दात बसवायचं नाहीये, कारण वाटमाऱ्या तुम्हाला बोलायची संधी देतो, पाच टन टाकले की तुम्ही जिवंत सुटता, आणि चांगला वाटमाऱ्या तर पुन्हा भेटू म्हणून निघून जातो. तो खेळ आहे, दोघांचाही. दुसऱ्यात समोरच्याला खेळायलाच मिळत नाही.

प्रतिसाद

मारेकरी मनात आलं होतं पण मारेकऱ्याला कुणीतरी सुपारी दिलेली असते, इथे तेही नाही. गुंड फार सैल. खुनशी कसं वाटतं? 'वाटेत एक खुनशी भेटला' असं नामासारखं वापरता येतं आणि काही न घेता मारण्यातली वृत्ती त्यात येते.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

खुनशी चालेल, घेतला. वाटमाऱ्या दादा, तुम्ही व्यापाऱ्याला पाठवायचा तो निरोप मराठीत कसा लिहाल? 'माल टाक' एवढंच फार कोरडं वाटतंय.

प्रतिसाद

मी लिहितो ते असं: 'कमांडर, इंजिन बंद ठेवा. दहा टन चांदी सोडा, बाकीचा माल तुमचा. दोन मिनिटं देतो.' अनोळखी माणसाला अहोजाहो करायचं, आकडा स्पष्ट सांगायचा आणि त्याच्याकडे असेल त्यापेक्षा कमीच मागायचं. अरेतुरे केलं की लोक चिडून लढायला उभे राहतात आणि मग दोघांचंही नुकसान होतं.